आधी नोंदणी, मग किल्ली : नाशिकमध्ये एखाददुसरा फ्लॅट भाड्याने देणाऱ्यांसाठी

पाथर्डी फाट्याजवळचा आमचा वन बीएचके आम्ही पहिल्यांदा भाड्याने दिला, तेव्हा जुलै महिना होता. अंबडच्या एका कारखान्यात नुकताच लागलेला मुलगा शनिवारी संध्याकाळी सामानाचा टेम्पो घेऊन थेट बिल्डिंगखाली येऊन उभा राहिला. पाऊस लागलेला, गादीवर प्लास्टिक टाकलेलं, सोबत त्याची आई. "काकू, करार सोमवारी करून टाकू," तो म्हणाला. त्या माउलीला पावसात कुठे उभं ठेवायचं, म्हणून मी किल्ली दिली. तो सोमवार पुढचे आठ महिने उजाडला नाही.

भाडं ९,००० ठरलं होतं, तेही तोंडी. मुलगा सरळ होता, दर महिन्याच्या पाच तारखेला रोख पैसे आणून द्यायचा. मार्चमध्ये त्याची बदली चाकणला झाली आणि घरात त्याचा चुलतभाऊ राहू लागला. पहिल्याच महिन्यात त्याने माझ्या हातात ७,००० ठेवले. "दादाने मला सातच सांगितलेत." दाखवायला माझ्याकडे ना करार होता, ना पावती, ना बँकेतली एखादी नोंद. दोन महिन्यांनी थोरल्याने स्वतः येऊन हिशोब पुरा केला आणि घर रिकामं झालं. पण त्या दोन महिन्यांत वकिलांकडे बसून मी जे समजून घेतलं, ते प्रत्येक छोट्या घरमालकाला घर द्यायच्या आधीच माहीत असायला हवं, असं मला मनापासून वाटतं. हा लेख त्यासाठी आहे. निवृत्तीच्या पैशातून एखादा फ्लॅट घेतलेले, मुलगा परदेशात म्हणून त्याचं घर सांभाळणारे, कर्ज काढून दुसरं घर घ्यावं का या विचारात असलेले, अशांसाठी.

वाड्याची भीती आणि आजचा कायदा

नाशिकमध्ये भाडेकरूची भीती कुठून आली, हे पंचवटीत किंवा रविवार कारंजाच्या आसपास वाढलेल्या कुणालाही विचारा. माझ्या सासऱ्यांच्या वाड्यात चार बिऱ्हाडं होती. त्यातलं एक पन्नास वर्षं राहिलं, महिना चाळीस रुपये भाड्याने. माणसं सोन्यासारखी, त्यांच्या हातची पुरणपोळी खाऊनच आमच्याकडची मुलं मोठी झाली. पण त्या चाळीस रुपयांत कौलंसुद्धा शाकारून होत नव्हती. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने अशा भाडेकरूंना मोठं संरक्षण दिलं होतं. ३१ मार्च २००० पासून त्याची जागा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याने घेतली, पण जुन्या भाडेकरूंचं संरक्षण कायम राहिलं. त्यांचं भाडं वर्षाला ४ टक्क्यांनी वाढवता येतं. चाळीसवर ४ टक्के म्हणजे एक रुपया साठ पैसे. पावसाळ्यात नाशिकच्या जुन्या वाड्यांच्या भिंती कोसळल्याच्या बातम्या येतात, त्यामागे हे गणितही आहे.

तेव्हा "एकदा भाडेकरू घुसला की निघत नाही" हे वाक्य खोट्यातून आलेलं नाही. ते जुन्या भाडेकरारातून आलंय. आज आपण फ्लॅट देतो तो लिव्ह अँड लायसन्सवर, आणि या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. जुन्या पद्धतीच्या भाडेपट्ट्यात भाडेकरूला जागेत एक हक्क मिळतो. लायसन्समध्ये मिळते ती फक्त ठरावीक मुदतीपुरती राहण्याची परवानगी. मुदत संपली की परवानगी संपली. बोलताना आपण दोघांनाही भाडेकरूच म्हणतो, मीही इथे तसंच म्हणणार आहे, पण कायद्याच्या नजरेत तो परवानाधारक असतो.

१९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २४ राहत्या घराच्या लायसन्सबद्दल आहे. मुदत संपूनही माणूस घर सोडत नसेल, तर मालकाला नेहमीच्या दिवाणी दाव्याच्या लांब रांगेत न लागता सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे या कामासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो. तिथली पद्धत संक्षिप्त असते. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला ३० दिवसांत बचाव मांडायची परवानगी मागावी लागते. आणि मुदतीनंतर जितके दिवस तो घर अडवून ठेवेल, तितक्या दिवसांचं दुप्पट भाडं नुकसानभरपाई म्हणून देणं लागतो. लेखी लायसन्स करारात जे लिहिलंय, ते या कामात निर्णायक पुरावा धरलं जातं. एक लक्षात ठेवा, हा रस्ता राहत्या घरासाठी आहे. दुकानाचा गाळा लायसन्सवर दिला असेल, तर वेगळं न्यायालय आणि वेगळा वेळ लागतो. गाळा घेऊन भाड्याने द्यायचा विचार असेल, तर मनाशी हिशोब करतानाच हे धरून चाला.

आता माझी चूक कुठे होती, ते कलम ५५ मध्ये आहे. भाड्याचा वा लायसन्सचा कुठलाही करार लेखी असला पाहिजे आणि त्याची नोंदणी झाली पाहिजे. ही जबाबदारी कायद्याने घरमालकावर टाकली आहे, भाडेकरूवर नाही. नोंदणी केली नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते याच कलमातलं दुसरं वाक्य: नोंदलेला करार नसेल, तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते ग्राह्य धरलं जाईल, आणि ते खोटं आहे हे सिद्ध करणं मालकाच्या अंगावर. तो चुलतभाऊ सात म्हणाला, तर कायद्याच्या दृष्टीने सातच. नऊ मी सिद्ध करायचे.

यातून दोन गैरसमज गळून पडतात. पहिला म्हणजे "अकरा महिन्यांचा करार असेल तर नोंदणी लागत नाही." केंद्राच्या नोंदणी कायद्यात एक वर्षापेक्षा कमी भाडेपट्ट्याला सूट आहे, तिथून ही अकरा महिन्यांची प्रथा पडली. महाराष्ट्रात मात्र कलम ५५ आहे. मुदत अकरा महिने असो वा तीन, नोंदणी हवीच. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर टाइप करून नोटरी केलेला कागद म्हणजे नोंदणी नव्हे. दर अकरा महिन्यांनी नवा कागद करत बसण्यापेक्षा २४ किंवा ३६ महिन्यांचा एकच करार करा, वाढ किती आणि कधी हे त्यातच लिहा. मुद्रांकाच्या हिशोबात असा लायसन्स करार ६० महिन्यांपर्यंत करता येतो.

दुसरा गैरसमज: "बारा वर्षं राहिला की घर त्याचं." बारा वर्षांची गोष्ट प्रतिकूल कब्जाची आहे, म्हणजे मालकाच्या हक्काला उघडपणे नाकारून, त्याच्या परवानगीशिवाय धरलेल्या ताब्याची. जो माणूस तुमच्या परवानगीने, तुम्हाला भाडं देऊन राहतोय, त्याचा ताबा नुसता काळ लोटला म्हणून प्रतिकूल होत नाही. करार आणि बँकेत येणारं भाडं हेच त्या परवानगीचे पुरावे. चांगल्या भाडेकरूला केवळ या भीतीपोटी दोन वर्षांनी घराबाहेर काढणारे लोक मी पाहिले आहेत. त्यात भाडेकरूचे हाल होतात आणि मालकाचं एक महिन्याचं भाडं व दलाली जाते.

नोंदणीचा खर्च खरंच किती?

लोक नोंदणी टाळतात कारण ती महाग आणि किचकट आहे असं त्यांना वाटतं. आकडे मांडू. भाडं १३,००० रुपये, मुदत २४ महिने, परत करायचं डिपॉझिट ४०,०००. एकूण भाडं झालं ३,१२,०००. डिपॉझिटवर सरकार वर्षाला १० टक्के व्याज धरतं, दोन वर्षांचे ८,०००. बेरीज ३,२०,०००. यावर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे ८००. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. म्हणजे दोन वर्षांच्या निर्धास्तपणाला सरकारी खर्च दोन हजारांच्या आसपास. बहुतेक लोक ऑनलाइन नोंदणी करून देणाऱ्या एजंटला बोलावतात. तो अंगठ्याचं मशीन आणि कॅमेरा घेऊन घरी येतो, मालक, भाडेकरू आणि दोन साक्षीदार आधारवर अंगठे देतात, अर्ध्या तासात काम होतं. त्याची फी वेगळी, ती आधीच ठरवून घ्या. खर्च कुणी करायचा हे आपसात ठरतं; आम्ही निम्मा-निम्मा करतो.

मसुदा मात्र एजंटच्या कॉम्प्युटरवर छापून तयार असलेलाच घेऊ नका. एकदा बसून वाचा. नोटीस एक महिन्याची की दोन, मध्येच घर सोडलं तर काय, वीज-पाणी-मेंटेनन्स कुणाकडे, गाडी कुठे लावायची, घरात शिकवणी किंवा पार्लर चालवायला परवानगी आहे का, राहणाऱ्यांची नावं कोणती. शिकवणीचं मी मुद्दाम लिहिलं. घरगुती मीटरवर व्यवसाय चालला, तर महावितरणचा दर बदलू शकतो आणि फरकाचं बिल घराच्या मीटरवर, म्हणजे शेवटी तुमच्याकडे येतं. थकलेलं बिलही माणसाच्या मागे जात नाही, जागेला चिकटून राहतं. राहणाऱ्यांची नावं लिहिली असती, तर तो चुलतभाऊ माझ्या घरात राहायलाच आला नसता.

डिपॉझिटला आपल्याकडे कायद्याने ठरवलेली कमाल मर्यादा नाही. दोन-तीन महिन्यांचं भाडं घ्या, त्याहून जास्त ताणू नका. घर सोडताना परत करायची ती रक्कम आहे, खर्चाला धरायची नाही. आणि सगळा व्यवहार बँकेतून. भाडं, डिपॉझिट, परतावा, सगळं.

पोलिसांकडे भाडेकरूची माहिती देणंही विसरू नका. पोलीस आयुक्त वेळोवेळी मनाई आदेश काढून ती सक्तीची करतात, आणि आदेश मोडला तर गुन्हा मालकावर दाखल होतो. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर फॉर्म ऑनलाइन भरता येतो. पोचपावतीची प्रिंट कराराच्या फाइलला लावून ठेवा.

माणूस कसा निवडायचा, यावर मला एकच सांगायचंय. नोकरीचं ओळखपत्र बघा, पगार खात्यात जमा होतो का बघा, आधीच्या घरमालकाला फोन करा. त्या फोनवर दहा मिनिटांत जे कळतं, ते आडनाव विचारून कधीच कळत नाही. आडनाव, जात, धर्म बघून घर नाकारलेली चांगल्या घरची मुलं-मुली मी कॉलेज रोडला आणि इंदिरानगरला उन्हात फिरताना पाहिली आहेत. आपल्या शहरात हे होतं आणि ते चूक आहे. आमच्या घरात राहून गेलेल्यांत सगळ्यात व्यवस्थित घर ठेवलं ते दोन नर्स मुलींनी, आणि त्यांना आधी सात ठिकाणी नकार मिळाला होता.

भाड्यासाठी घर घ्यायचं तर

इथे थोडं कडू बोलावं लागणार आहे. "हप्ता भाड्यातून निघेल" हे वाक्य ऐकून ज्यांनी घरं घेतली, त्यांच्यासाठी एक उदाहरण मांडते. आकडे मनचे आहेत, तुमचे तुम्ही घाला.

फ्लॅट ४२ लाखांचा. मुद्रांक शुल्क ६ टक्के धरलं तर २,५२,०००. (घर बाईच्या नावावर घेतलं, तर १ टक्क्याची सवलत मिळते, घरात विचार करावा असा हा पैसा आहे.) नोंदणी ३०,०००. पंखे, ट्यूब, खिडक्यांच्या जाळ्या, किचनच्या ट्रॉल्या, वकील, असं धरून १,१८,०००. एकूण ४६ लाख. भाडं १३,०००, म्हणजे वर्षाला १,५६,०००. आता यातून वजा करा: घर बदलताना सरासरी एक महिना रिकामं, १३,०००. मेंटेनन्स मालकाने भरायचा असेल तर महिना १,५०० ने १८,०००. घरपट्टी ८,०००. रंग, नळ, गळती १०,०००. हातात उरले १,०७,०००. ४६ लाखांवर हे सव्वादोन टक्क्यांच्या थोडं वर पडतात.

आणि ३० लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता येतो २६,००० च्या आसपास. १३,००० भाड्यातून तो निम्माच निघतो. उरलेला निम्मा आणि वरचा खर्च दर महिन्याला पगारातून जाणार, वीस वर्षं. मग घर घेऊच नये का? तसं नाही. घराची किंमत वाढेल हा एक फायदा आहेच. पण ती किती वाढेल हे कुणी लिहून देत नाही, आणि मुलीच्या शिक्षणाला अचानक पाच लाख लागले, तर फ्लॅटची एक खोली विकता येत नाही. म्हणून मी मैत्रिणींना सांगते, भाडं सहा महिने आलं नाही तरी हप्ता भरता येईल एवढी शिल्लक बाजूला नसेल, तर आत्ता थांबा.

घर कुठे घ्यावं, याला किमतीपेक्षा भाडेकरूच्या बाजूने बघा. सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांतली पाळी सुटल्यावर दहा-पंधरा मिनिटांत घरी पोचायचंय, असे लोक सिडको, कामटवाडे, पाथर्डी फाटा इथे घर शोधतात. आडगाव, पंचवटीच्या बाजूला कॉलेजांमुळे विद्यार्थी असतात. तिथे जूनमध्ये मागणी आणि परीक्षा संपल्यावर रिकामं घर. नाशिक रोडला प्रेस आणि रेल्वेमुळे नोकरदार कुटुंबं, ती वर्षानुवर्षं टिकतात. गंगापूर रोडचा फ्लॅट दिसायला देखणा असतो, पण किंमत जितकी चढलेली, तितकं भाडं चढलेलं नसतं. मला विचाराल तर भाड्यासाठी लहान घर, लिफ्ट चालू असलेली बिल्डिंग आणि पाण्याची तक्रार नसलेला रस्ता, एवढं बघते.

नाशिकपुरती एक गोष्ट मात्र कुठल्याही घराआधी तपासा: पूररेषा. गोदेला पूर आला की आपण नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतो, पाणी कमरेला आलं की छातीला. २००८, २०१६, २०१९ या वर्षांचे पूर ज्यांनी पाहिले, त्यांना सांगायला नको. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते, निळ्या-लालच्या मध्ये अटींसह परवानगी. गोदेपुरताच हा विषय नाही, तिला मिळणाऱ्या नासर्डी आणि वाघाडीच्या काठचंही बघा. नदीकाठचा स्वस्त फ्लॅट स्वस्त का आहे, हे महापालिकेच्या नगररचना विभागात नकाशावर बघितल्याशिवाय बयाणा देऊ नका. शेजारच्या पानटपरीवाल्याला विचारा, २०१९ ला पाणी कुठवर आलं होतं. तो हात करून दाखवतो.

नवं बांधकाम असेल, तर प्रकल्पाचा महारेरा (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणारं राज्याचं प्राधिकरण) क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर टाकून बघा. ताबा कधी द्यायचाय, आतापर्यंत कितीदा मुदत वाढवली, कर्ज आहे का, दावे चालू आहेत का, सगळं तिथे दिसतं. दर ठरवताना कार्पेट म्हणजे चटई क्षेत्रावर बोला. विक्री करार नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. "आधी वीस टक्के भरा, मग करार" असं कुणी म्हणालं तर तिथेच उठा. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर ५ टक्के जीएसटी लागतो. किंमत ४५ लाखांपर्यंत आणि नाशिकसारख्या शहरात चटई क्षेत्र ९० चौरस मीटरपर्यंत असेल, तर १ टक्का. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर घेतलेल्या घरावर जीएसटी नाही. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल, तर १ टक्का टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा आयकर, कापून सरकारात भरणं खरेदीदाराचं काम असतं. हे पुष्कळांना नोटीस आल्यावर कळतं.

जुना फ्लॅट घेताना वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च, म्हणजे मालकीच्या नोंदींचा शोध, काढून घ्या. जमिनीचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका, बिनशेतीचा आदेश, मंजूर नकाशा, भोगवट्याचा दाखला, मागच्या प्रत्येक खरेदीची इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा). नाशिकमध्ये पुष्कळ इमारती सोसायटीच्या नसून १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखालच्या असतात. तिथे डीड ऑफ अपार्टमेंट (फ्लॅटच्या मालकीचा दस्त) झालंय का, ते बघा. सिडकोने बांधलेल्या योजनांतली घरं मुळात भाडेपट्ट्याची, म्हणून तिथे सिडकोच्या दप्तरी हस्तांतराची नोंद विकणाऱ्याच्याच नावावर आहे ना, याची खात्री हवी. कुलमुखत्यारपत्रावर चार हात फिरलेलं घर कितीही स्वस्त मिळालं तरी नको.

आणि कुंभाचं. २०२६-२७ च्या सिंहस्थाचं नाव घेऊन प्लॉट आणि फ्लॅट विकायचे फोन मलाही येतात. पर्वणीच्या दिवसांत लाखो लोक येणार हे खरं. पण तो मेळा बारा वर्षांतून एकदा येतो, आणि तुमचा हप्ता दर महिन्याला. काही जण राहत्या भाडेकरूला काढून पर्वणीपुरतं घर रोजाने द्यायचं म्हणतात. करार मुदतीत असेल तर तसं काढता येत नाही, सोसायटीचे नियम आणि पोलिसांकडची माहिती वेगळीच.

सोसायटी, घरपट्टी, आयकर

घर भाड्याने दिलं की, मालक स्वतः राहत नाही म्हणून, सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावते. किती लावावं, याला मर्यादा आहे: १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाने ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांवर नेता येत नाही, आणि त्यात महापालिकेचे कर धरायचे नाहीत. सेवा शुल्क १,२०० असेल तर जास्तीत जास्त १२० रुपये. भाडेकरू ठेवला म्हणून हजार-हजार उकळणाऱ्या कमिटीला हा आदेश दाखवा. भांडायला नको, लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. हा आदेश सहकारी गृहनिर्माण संस्थांसाठी आहे. अपार्टमेंट असेल तर तुमचं घोषणापत्र आणि उपविधी काय म्हणतात ते पाहावं लागेल. भाडेकरू ठेवताना कराराची प्रत कमिटीला देऊन ठेवा, म्हणजे पुढचं सगळं सोपं जातं.

घरपट्टीच्या बाबतीत, घर भाड्याने दिलंय याची नोंद आकारणीत कशी होते, हे आपल्या विभागीय कार्यालयात विचारून घ्या. नाशिक पूर्व, पश्चिम, पंचवटी, नाशिक रोड, सातपूर, नवीन नाशिक, यांपैकी तुमचं जे असेल तिथे.

आयकर वाटतो तितका अवघड नाही. वर्षभरात मिळालेल्या भाड्यातून भरलेली घरपट्टी वजा करा. उरलेल्या रकमेच्या ३० टक्के सरकार सरसकट सोडतं, तुम्ही रंग लावा वा न लावा; म्हणून दुरुस्तीची बिलं वेगळी दाखवता येत नाहीत. मग कर्जाचं व्याज वजा होतं. मघाच्या उदाहरणात अकरा महिन्यांचं भाडं १,४३,०००, त्यातून घरपट्टी ८,००० गेली, राहिले १,३५,०००, त्याचे ३० टक्के ४०,५०० सोडले की ९४,५०० उरतात. कर्ज नसेल तर एवढ्यावरच कर. कर्ज असेल तर पहिल्या वर्षांत व्याज यापेक्षा कितीतरी जास्त असतं आणि तोटा दिसतो. जुन्या कररचनेत हा तोटा वर्षाला २ लाखांपर्यंत पगाराच्या उत्पन्नातून वजा होतो. नव्या कररचनेत पगारातून अजिबात होत नाही. "दुसऱ्या घराच्या कर्जावर टॅक्स वाचतो" असं सांगणाऱ्याला तुम्ही कुठल्या रचनेत आहात हे माहीतच नसतं, आणि निम्मा हिशोब त्यावर फिरतो.

परदेशातल्या मुलाच्या नावावर घर असेल, तर एक वेगळी गोष्ट. मालक अनिवासी असेल तर भाडं कितीही कमी असो, भाडेकरूने टीडीएस कापून भरावा लागतो. भाडं आईच्या खात्यात घेतलं म्हणून हे टळत नाही. असं घर देण्याआधी सीएकडे एकदा जाऊन या, आणि भाडेकरूला आधी सांगा. त्याच्यावर हे काम अचानक टाकू नका.

घर रिकामं करताना

मुदत संपल्यावर माणूस अडून बसला, तर पाणी तोडणं, मीटर काढणं, कुलूप बदलणं असले उद्योग चुकूनही करू नका. अत्यावश्यक सोय तोडणं हा याच भाडे कायद्याने गुन्हा ठरवलाय, आणि कायद्याने न जाता बाहेर काढलेला माणूस सहा महिन्यांच्या आत न्यायालयातून ताबा परत मागू शकतो. ज्याची बाजू भक्कम होती, तो मालक एका रात्रीत आरोपी होतो. लेखी नोटीस द्या, मग कलम २४ खाली अर्ज करा.

पण बहुतेक वेळा भांडण होतं ते डिपॉझिटवरून. यासाठी आम्ही किल्ली देण्याच्या दिवशीच घरभर फिरून व्हिडिओ काढतो, भाडेकरूच्या देखत. प्रत्येक नळ उघडून, प्रत्येक बटण दाबून, बाथरूमच्या कोपऱ्यातली ओल दाखवून. मीटरचा फोटो तारखेसह. भाडेकरूला हे सगळं लगेच पाठवून देतो. मागच्या मे महिन्यात त्या दोघी नर्स घर सोडून गेल्या, तेव्हा स्वयंपाकघराच्या भिंतीवर ओलीचा एक मोठा डाग होता. पूर्वी मी म्हणाले असते, यांनीच केलाय. व्हिडिओ लावून बघितला, तर डाग दोन वर्षांपूर्वीही होता, हाताच्या पंजाएवढा. वरच्या फ्लॅटच्या सिंकची गळती. मीटरच्या रीडिंगवरून शेवटच्या बिलाचे ६४० रुपये धरले, बाकीचं डिपॉझिट तिथेच उभ्या-उभ्या त्यांच्या खात्यात टाकलं, आणि घर रिकामं मिळाल्याची दोन ओळींची पावती दोघांनी सह्या करून घेतली. मग वरच्या मजल्यावर जाऊन सिंकबद्दल बोलून आले.